नंबर आधी, पडदा नंतर

मेटा आणि रे-बॅन यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये काचेतच पडदा असलेला चष्मा आणला. किंमत ७९९ डॉलर, विक्री आधी अमेरिकेत. उजव्या डोळ्यापुढे ६०० बाय ६०० ठिपक्यांचे छोटे चित्र उमटते, मनगटावरच्या पट्ट्याने ते हलवता येते, समोरच्याचे बोलणे अक्षरांत वाचता येते. बातम्या झाल्या त्या या करामतींच्या. तपशिलाच्या यादीत मात्र एक ओळ होती, ती फारशी कोणी उचलली नाही. हा चष्मा उणे ४ ते अधिक ४ एवढ्याच नंबरांत मिळणार होता. म्हणजे ज्याचा नंबर उणे साडेचार, त्याला तो नाही. सकाळी उठल्यावर ज्याचा हात आधी चष्म्याकडे जातो, त्यालाच चष्म्याच्या या नव्या पिढीतून वगळले आहे. ही बाब किरकोळ नाही.

यामागे दुष्टपणा नाही, प्रकाशशास्त्राची खरी अडचण आहे, आणि ती समजून घेण्याजोगी आहे. अशा चष्म्यांत काडीत बसवलेला चिमुकला प्रोजेक्टर प्रकाश काचेच्या पातळ पट्टीत सोडतो. तो पट्टीच्या दोन पृष्ठांमध्ये आपटत, परावर्तित होत पुढे सरकतो आणि ठरलेल्या जागी डोळ्याकडे बाहेर पडतो. त्यासाठी पट्टी सपाट आणि दोन्ही पृष्ठे काटेकोर समांतर लागतात. जरा फरक पडला की अक्षरे पुसट होतात. नंबरची काच मात्र मुळातच वक्र असते. त्यामुळे नंबर या पट्टीवर घासून काढता येत नाही, डोळ्याच्या बाजूला वेगळी काच द्यावी लागते. तीही नुसती चिकटवून भागत नाही. पट्टीला हवेचा बारीक थर, निदान कमी अपवर्तनांकाचा लेप लागतो. नाहीतर आतला प्रकाश वाटेतच निसटतो.

पुढे चित्राच्या अंतराचा प्रश्न येतो. पट्टीतून येणारे चित्र डोळ्याला अनंत अंतरावरचे वाटते. ते दोन मीटरवर आणायचे तर डोळ्याच्या बाजूला उणे ०.५ ची भर घालावी लागते. पण त्याच काचेतून बाहेरचे जगही दिसते. ते बिघडू नये म्हणून पट्टीच्या बाहेरच्या अंगाला अधिक ०.५ ची काच लागते. उणे ५ नंबरच्या माणसासाठी आतली काच उणे साडेपाचची होते, बाहेरची अधिक अर्ध्याची, आणि मध्ये पट्टी. नंबर वाढला की कडा जाडावतात, फ्रेम जड होते, कंपनी हात आखडते.

मोजमापाचेही तसेच. चष्म्याच्या दुकानात दोन बुबुळांमधले अंतर, ज्याला सगळे पीडी म्हणतात, ते घेऊन काचेचा मध्य बुबुळासमोर आणतात. उणे ६ ची काच चार मिलिमीटर सरकली तर २.४ एकक प्रिझम तयार होते, म्हणजे प्रकाश तेवढा बाजूला वळतो. डोळे ओढल्यासारखे होऊन डोके दुखायला एवढे पुरते. पडद्याच्या चष्म्यात आणखी एक मध्य सांभाळायचा असतो, कारण चित्र एका लहानशा खिडकीतूनच दिसते. बुबुळ, काचेचा मध्य आणि ती खिडकी, तिन्ही एका रेषेत हवीत. डोळ्यापासूनचे अंतरही मोजावे लागते. उणे ८ ची काच सहा मिलिमीटर पुढे गेली तर तीच नजर मिळायला उणे ८.४ लागते. हे सगळे अवघड आहे, पण गणित ठाऊक असलेले अवघड आहे.

सर्वांत कसोटीचा प्रश्न चाळिशीचा. प्रोग्रेसिव्ह काचेत वर लांबचा नंबर, खाली जवळचा. चित्र नजरेच्या रेषेखाली ठेवले, तर ते नेमके जवळच्या नंबराच्या भागात येते आणि दोन मीटरवरचे अक्षर धूसर दिसते. तेच चित्र लांबच्या नंबराच्या भागात आणले, तर मोबाइल हातभर लांब धरणाऱ्या माणसाला संदेश स्वच्छ वाचता येतो. जागा ठरवण्यातला एवढासा फरक, पण तो कागदावर आराखडा असतानाच करावा लागतो.

आणि इथेच या उद्योगाची चूक आहे. गूगल ग्लास २०१३ मध्ये निवडक ग्राहकांच्या हाती पडला, नंबरच्या काचा बसतील अशा फ्रेम जानेवारी २०१४ मध्ये आल्या. २०१८ च्या मॅजिक लीप या हेडसेटमध्ये नेहमीचा चष्मा मावत नव्हता, नंबरची जोडकाच वेगळी घ्यावी लागे. ॲपलच्या व्हिजन प्रो या हेडसेटलाही २०२४ मध्ये झाइसच्या नंबरच्या काचा १४९ डॉलर वेगळे मोजून मिळू लागल्या, आणि प्रिझमचा नंबर असणाऱ्यांना त्या मिळत नव्हत्या. दर वेळी आधी पडदा ठरतो, मग नंबरवाल्याला कुठेतरी बसवले जाते. मेटाला हा प्रश्न ठाऊक नाही असेही नाही. द्रव रेझिनचे थेंब एकावर एक छापून नंबरची काच घडवणारी आणि तिच्यातच पडद्याचे भाग बसवू पाहणारी लक्सेक्सेल ही कंपनी मेटाने डिसेंबर २०२२ मध्येच विकत घेतली होती.

कॉन्टॅक्ट लेन्स लावा, हे उत्तर पुरेसे नाही. कोरड्या डोळ्यांना, धुळीत काम करणाऱ्यांना त्या सोसत नाहीत. समोरच्याचे बोलणे अक्षरांत दाखवणारा चष्मा ऐकू न येणाऱ्या माणसासाठी मोठा आधार ठरू शकतो. त्याचा नंबर उणे ६ असला म्हणून त्याने तो आधार का सोडावा? २०५० पर्यंत जगातील निम्म्या लोकांना लांबचे कमी दिसेल आणि दर दहांतील एकाचा नंबर उणे ५ किंवा त्यापुढे असेल, असा अंदाज ब्रायन होल्डन व्हिजन इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २०१६ मध्ये मांडला. उणे ४ ची मर्यादा त्या दहाव्या माणसाला सरसकट बाहेर ठेवते.

कंपन्यांनी नंबरची मर्यादा किमतीशेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत छापावी, आणि पुढचा आराखडा उणे ८ चा माणूस समोर बसवून सुरू करावा. भारतात असे चष्मे घेण्याचा विचार करणाऱ्यांनी डोळे तपासल्याचा कागद सोबत न्यावा, त्यावर सिलिंडर, अक्ष, प्रिझम आणि पीडी लिहून घ्यावी. विक्रेता पडदा दाखवू लागला की आपला नंबर त्यात बसतो का, हे आधी विचारावे. उत्तर गोलमोल आले, तर पैसे काढू नयेत.