फाटकासमोरचे २०० मीटर

मेंदूची मोठी रक्तवाहिनी तुंबली की उपचाराविना जाणाऱ्या दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी सीटी स्कॅनही व्हायला हवा. तालुक्याहून १०८ ची रुग्णवाहिका सुसाट येते आणि अडकते ती थेट सरकारी रुग्णालयाच्या फाटकासमोर. रिक्षा, औषधांच्या दुकानापुढच्या मोटारसायकली, शहाळ्यांची हातगाडी, प्रवासी भरणारी जीप. सायरन सगळ्यांना ऐकू येतो, पण सरकायला जागाच नसते.

वाहतूकशास्त्रात याला ‘साइड फ्रिक्शन’ म्हणतात. कडेला एक गाडी थांबली की मागचा ब्रेक लावतो, शेजारच्या रांगेत घुसतो आणि ती रांगही मंदावते. रस्ता कागदावर रुंदच राहतो. इंडोनेशियाच्या १९९७ च्या महामार्ग क्षमता नियमावलीत तर याचे मोजमापच दिले आहे. २०० मीटरच्या टप्प्यात तासाभरात काय काय घडते ते मोजायचे. त्यात पादचाऱ्याला ०.५, संथ वाहनाला ०.४, कडेच्या जागेत आत-बाहेर करणाऱ्या वाहनाला ०.७ आणि थांबणाऱ्या वाहनाला पूर्ण १ असा भार आहे.

आपल्याकडे मात्र कारवाई म्हटली की पहिली उचलली जाते ती हातगाडी. व्हरांड्यात रात्र काढणाऱ्या नातेवाइकांचे जेवण तिच्यावरच चालते. फेरीवाल्यांना ठरावीक जागा देण्याची तरतूद २०१४ च्या कायद्यात आहे, तो वापरावा. थांबलेल्या मोटारीला मात्र कोणी हात लावत नाही. त्यात डॉक्टरांच्याही मोटारी असतात, हे सांगायला हवे. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला २०१९ पासून १०,००० रुपये दंड आहे, पण तो वाहन चालवणाऱ्याला. गाडी लावून दुकानात गेलेला माणूस त्या कलमातून सुटतो.

खरे तर औषध आतल्या खिडकीवर मिळाले, तर कितीतरी मोटारसायकली तिथे थांबणारच नाहीत. रुग्णाला सलाइन लावून नातेवाइकाच्या हाती बाहेरची चिठ्ठी द्यायची आणि मग रस्त्यावरच्या गर्दीला नावे ठेवायची, हे बरे नव्हे. रिक्षातळ आवाराच्या आत घ्यावा, फाटकाच्या दोन्ही बाजूंचे १०० मीटर ‘नो पार्किंग’ करून तिथे दिवसभर एक वाहतूक पोलिस उभा करावा. यातल्या कशालाच उड्डाणपूल लागत नाही.