आपल्याच गाडीची वेगवान बहीण



तुमच्या दारात एक गाडी उभी आहे. हप्ते फिटलेत किंवा फिटत आलेत. तिचा क्लच कुठे उचलतो, आरसा किती वळवावा लागतो, कुठल्या खड्ड्यात तिचं पोट घासतं, सगळं तुम्हाला पाठ आहे. आणि एके दिवशी कंपनी तीच गाडी, तोच चेहरा, फक्त आत जास्त ताकदीचं इंजिन आणि बॉनेटवर दोन पट्टे घालून शोरूममध्ये उभी करते. वर विचारते, "एकदा चालवून तर बघा!"

अनोळखी गाडीचा मोह आवरता येतो हो. पण आपल्या गाडीत काय कमी आहे हे आपल्याला नेमकं माहीत असतं आणि ही नवी गाडी बोट ठेवते ते बरोबर त्याच जागेवर. म्हणून आजच्या लेखात बोलूया या खास टेस्ट ड्राइव्हबद्दल. ती कशी घ्यायची आणि घरी येऊन निर्णय कसा करायचा.

आधी थोडा इतिहास

लाखोंच्या स्पोर्ट्स कार आपल्यापैकी फार थोड्यांच्या घरी असतात. पण घरातल्या साध्या हॅचबॅकला जोरदार इंजिन लावून विकायचे प्रयत्न भारतात बरेच झाले. २०१५ मध्ये पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातून फियाटची अबार्थ पुंटो आली. साध्या १.२ पेट्रोल पुंटोची ताकद ६८ अश्वशक्ती, हिची १४५. म्हणजे दुपटीहून जास्त! किंमत ९.९५ लाख. २०१७ मध्ये मारुतीने बलेनो आरएस आणली, एक लिटरचं टर्बो इंजिन आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. २०१८ मध्ये टाटांची टियागो जेटीपी आली, साधी टियागो ८५ पीएसची आणि ही ११४ पीएसची, सुरुवातीची किंमत ६.३९ लाख.

या तिन्ही गाड्या आज नव्या मिळत नाहीत. रसिकांनी डोक्यावर घेतलं, पण खप थोडाच राहिला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मग जून २०२४ मध्ये आली टाटा अल्ट्रोझ रेसर. आणि इथे आमचं घर गोष्टीत शिरतं, कारण चेरीतालमधल्या आमच्या दारात २०२१ सालची साधी पेट्रोल अल्ट्रोझ उभी आहे.

कागदावरचा फरक

दोन्ही इंजिनं १.२ लिटरची, तीन सिलिंडरचीच. मग ताकद वाढते कुठून? टर्बोमुळे. इंजिनातून बाहेर पडणारा गरम वायू एक छोटं चक्र फिरवतो, ते चक्र दुसऱ्या बाजूने जास्त हवा इंजिनात कोंबतं. हवा जास्त म्हणजे पेट्रोलही जास्त जाळता येतं. इंजिन मोठं का करत नाहीत? कारण पेट्रोल गाडी चार मीटरपेक्षा लहान आणि इंजिन १२०० सीसीच्या आत असेल, तरच तिला लहान गाडीचा कमी कर लागतो.

साधी अल्ट्रोझ ८८ पीएस आणि ११५ न्यूटन मीटर टॉर्कची. रेसर १२० पीएस आणि १७० न्यूटन मीटरची. टॉर्क म्हणजे सोप्या भाषेत चाक फिरवणारा जोर, चढावर आणि ओव्हरटेक करताना जाणवतो तो. साध्या गाडीत हा पूर्ण जोर ३००० आरपीएमच्या पुढे मिळतो, रेसरमध्ये १७५० पासूनच. गिअर पाचाऐवजी सहा. एअरबॅग सहा. किंमत बाजारात आली तेव्हा ९.४९ लाखांपासून १०.९९ लाखांपर्यंत, एक्स-शोरूम. साध्या अल्ट्रोझची सुरुवात त्या वेळी साडेसहा लाखांच्या थोडी वर होती.

चालवल्यावरचा फरक

त्या पावसाळ्यात मी ती चालवून पाहिली. धाकटा भाऊ शेजारी, आई-बाबा मागे. शोरूमच्या माणसाने मागची सीट रिकामी ठेवायला सुचवलं होतं, पण गाडी चौघांची आहे तर चौघांनीच जायचं हा बाबांचा हट्ट. बाबा व्हेईकल फॅक्टरीतून निवृत्त झालेले. १९६९ पासून लष्कराचे ट्रक बनवणारा हा आमच्या गावचा कारखाना. लष्कराची प्रसिद्ध जोंगा गाडी इथलीच, तिच्या नावातलं पहिलं अक्षरसुद्धा जबलपूरचं! तर अशा माणसाला गाडी दाखवायला नेणं म्हणजे परीक्षाच.

दमोह नाक्याला तेव्हा उड्डाणपुलाचं काम चालू होतं. रिक्षा, हातगाड्या, चिखल. पहिली दहा मिनिटं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच गेली आणि तिथे खरं सांगते, १२० पीएसचा काडीचाही उपयोग झाला नाही. कटंगी बायपासला रस्ता मोकळा मिळाला. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला, क्षणभर काही नाही आणि मग पाठ सीटला टेकली. पुढचा ट्रक बघता बघता मागे पडला. आमच्या गाडीत असा ट्रक ओलांडायचा म्हणजे एसी बंद करायचा, गिअर खाली घ्यायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. भाऊ ओरडला, "ताई, घेऊनच टाकू!" माझ्याही मनात तेच होतं.

मागून बाबा म्हणाले, "पळते छान. आता थांबव बघू."

मागे कोणी नाही हे पाहून मी जोरात ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत, नीट थांबली. बाबांनी विचारलं, "मागच्या चाकांना काय आहे?" उत्तर मिळालं, ड्रम. म्हणजे आमच्या गाडीसारखेच. ताकद ३२ पीएसने वाढली आणि मागचे ब्रेक जिथल्या तिथे. गाडी त्यामुळे असुरक्षित ठरत नाही, पण जास्तीचे पैसे पळण्यावर किती आणि थांबण्यावर किती लागलेत, हे कळलं.

आईचं मत वेगळंच. तिला कॅमेरा आवडला आणि सहा एअरबॅग आवडल्या. ती म्हणाली, "मागे बसणाऱ्यांचाही विचार केलाय यात." आमच्या २०२१ च्या गाडीत दोनच एअरबॅग आहेत. अल्ट्रोझला २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपचे मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले होते हे खरं, पण चार जास्तीच्या एअरबॅग म्हणजे चार जास्तीच्या एअरबॅग. त्या दिवशीचं सगळ्यात वजनदार कारण माझ्या मते आईने दिलं, माझ्या उजव्या पायाने नाही.

तुम्ही जाल तेव्हा

आपल्या गाडीची वेगवान आवृत्ती चालवून बघायचा एक मोठा फायदा असतो, तुलना करायला घरचीच गाडी हाताशी असते. तो फायदा पुरता घ्या.

१. शोरूमला आपली गाडी घेऊन जा. त्याच दिवशी, त्याच रस्त्यावर, तेवढीच माणसं बसवून दोन्ही चालवा. आपल्या गाडीच्या टायरची हवा आधी तपासा, नाहीतर तुलना खोटी पडते.

२. गाणी बंद, एसी चालू. आवाज इंजिनाचा ऐका, स्पीकरचा नाही.

३. आधी गर्दी, मग मोकळा रस्ता. क्लच किती जड आहे ते मोकळ्या रस्त्यावर कळत नाही, सिग्नलवर कळतं.

४. जवळपास चढ असेल तर थांबून पुन्हा गाडी उचला. खराब रस्त्यावर मागच्या सीटवरच्यांना विचारा, कंबर काय म्हणते?

५. ब्रेक तपासाच. ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, १०० च्या वेगात २८ मीटर. तुमचा पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. आणि ८० वरून १०० वर गेलात की ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा दीडपटीहून जास्त होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते.

६. तुम्हाला घ्यायचं तेच मॉडेल चालवायला मागा. सगळ्यात वरचं मॉडेल चालवून सगळ्यात खालचं बुक करू नका.

घरी आल्यावर कागद-पेन

समजा आपली गाडी देऊन वर तीन लाख घालावे लागणार आहेत. ९ टक्के व्याजाने पाच वर्षांचं कर्ज घेतलं तर महिन्याला सुमारे ६,२०० रुपये हप्ता, आणि व्याजच ७३-७४ हजारांच्या घरात.

विमा? थर्ड पार्टी विम्याचा दर इंजिनाच्या सीसीवर ठरतो, ताकदीवर नाही. दोन्ही गाड्या १००० ते १५०० सीसीच्या गटात, म्हणून तिथे फरक नाही. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा गाडीच्या किमतीनुसार वाढतो. तो आकडा आधीच मागून घ्या.

आता वरचा इतिहास आठवा. थोड्या खपणाऱ्या आवृत्त्या लवकर बंद होतात. तेव्हा या आवृत्तीचेच खास सुटे भाग कोणते, ते कुठून येतात आणि किती दिवसांत येतात, हे सर्व्हिस विभागात विचारा, विक्री विभागात नाही.

आणि एक सावधगिरी, विशेषतः घरातल्या तरुण मंडळींसाठी. "नवी गाडी कशाला, आहे त्याच गाडीची ताकद वाढवून देतो," असं सांगणारे गॅरेजवाले भेटतील. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाहीत. वॉरंटी जाते आणि अपघात झालाच तर विम्याच्या दाव्यावरही प्रश्न उभा राहतो. कंपनी ताकद वाढवते तेव्हा गिअरबॉक्सपासून इंजिन थंड ठेवण्यापर्यंत सगळ्याचा मेळ बसवते. तिथे फक्त एक लॅपटॉप जोडतात.

आमच्या घरी काय झालं?

आठ दिवस आम्ही काहीच ठरवलं नाही. तो आमचा नियमच केला. मग हिशेब मांडला. आमची गाडी वर्षातले बहुतेक दिवस चेरीताल ते सदर, नाहीतर गोलबाजार एवढीच धावते. लांबचा प्रवास म्हणजे वर्षातून तीन-चार वेळा नागपूर. शिवाय बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन डॉक्टरांनी सुचवलेलं होतं आणि त्यासाठी ठेवलेल्या पैशांकडे आम्हा दोघा भावंडांची नजर वळायला लागली होती. बाबा तर म्हणाले, "गुडघा थांबेल, तुम्ही घ्या." ते ऐकल्यावर मात्र भाऊच म्हणाला, "नको."

ऑपरेशन झालं, बाबा आता आधाराशिवाय जिना चढतात. आमच्या अल्ट्रोझला चार नवे टायर घातले, नीट सर्व्हिसिंग केलं. ट्रक ओलांडायला ती अजूनही वेळ घेते, म्हणून आम्हीही वेळ घेतो. ऑगस्ट २०२५ मध्ये दमोह नाका ते मदन महल उड्डाणपूल सुरू झाला, रस्ता सरळ आणि गुळगुळीत. तिथे रात्री पोरं गाड्या कशा पळवतात ते पाहिलं की बाबांचा प्रश्न आठवतो.

याचा अर्थ तुम्हीही घेऊ नका असा नाही. रोज महामार्गावर जाणं असेल, जुन्या गाडीत एअरबॅग कमी असतील, आणि पैसे कुणाच्या औषधातून किंवा फीमधून काढावे लागणार नसतील, तर जोरदार गाडी घ्या आणि मनापासून आनंद लुटा. फक्त टेस्ट ड्राइव्हला घरच्यांना मागे बसवा, आणि सही करायच्या आधी त्यांना आठ दिवस बोलू द्या.