अळीवर बंदी नको, हिशेब हवा



अळी म्हटली की आम्हा कापूसवाल्यांच्या पोटात गोळा येतो. बोंडअळीने आमची उभी पिके खाल्ली. आता दुसरीच अळी चर्चेत आहे. ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीची अळी सडक्या-कुजक्यावर वाढवायची, वाळवायची, दळायची आणि ब्रॉयलर कोंबड्यांना पेंडीऐवजी चारायची. लगेच काहीजण म्हणू लागले, सोयाबीनचा भाव पडेल, या अळीवर बंदी मागा.

आम्ही म्हणतो, बंदी मागू नका. ही अळी पिकावर पडत नाही. आणि कोंबडीला अळीचे काय नवल? आपल्या उकिरड्यावर ती पिढ्यान्‌पिढ्या तेच वेचत आली आहे. वाळलेल्या अळीत ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात. म्हणजे तिची स्पर्धा सोयापेंडीशी. मका-ज्वारीच्या दाण्याची जागा ती घेत नाही.

आता हिशेब पाहा. युरोपने २०२१ मध्ये कोंबड्या-डुकरांना अळीचे पीठ चारायला परवानगी दिली. पण तिथल्या कायद्यात अळी हे पाळीव जनावर ठरते. तिला हॉटेलचे खरकटे किंवा शेण घालता येत नाही. मग तिला घालतात कोंडा-चुनी, जी कोंबडीने थेट खाल्ली असती. तिथे हे पीठ सोयापेंडीहून महागच पडत आले आहे. कचऱ्यातून सोने काढायला निघालेले पंडित हे सांगतात का?

मग सोयाबीनचा भाव पाडला कोणी? ऑगस्ट २०२१ मध्ये भाव क्विंटलला दहा हजारांच्या घरात होता. कोंबडीवाल्यांनी ओरड केली आणि केंद्र सरकारने १२ लाख टन जीएम सोयापेंड आयातीला परवानगी दिली. नवा माल बाजारात येईपर्यंत भाव निम्म्यावर आला. आवक वाढली हे खरे, पण सरकारने तोंडावर दार उघडले हेही तितकेच खरे. आणि न्याय कसा? जीएम सोयाबीन पेरायची आम्हाला मनाई, त्याचीच पेंड परदेशातून आणायला मोकळीक!

स्पर्धेला आम्ही भीत नाही. हात बांधून आखाड्यात उतरवतात, त्याला आमचा विरोध आहे.

म्हणून जिल्हा बैठकीत तीन गोष्टी ठासून मांडा. अळीच्या कारखान्याला बंदी नको, सबसिडीही नको. ज्याला आपल्या उकिरड्यावर अळी पाळून विकायची आहे, त्याच्यामागे परवान्याचे लचांड नको. आणि चार पैसे मिळू लागले की आयातीचे दार उघडण्याचा सरकारी धंदा बंद झाला पाहिजे.

बोंडअळीला औषध तरी असते. या सरकारी अळीला औषध एकच, आपली एकजूट.