पालगडची यात्रा

देवदर्शनास जाताना मनुष्य सोवळे नेसतो. परंतु ज्या लेखकाने आम्हांस बाळपणी हुंदके देऊन रडविले, त्याच्या जन्मग्रामी जाताना काय नेसावे, हे कोणत्याही धर्मशास्त्रात सांगितलेले नाही. असो.

गेल्या मार्गशीर्षात आम्ही दहा वर्षांच्या नातवास घेऊन आमच्या उत्रोलीहून निघालो. भोर मागे टाकून वरंधा घाटाने महाडास उतरलो आणि पुढे कशेडी ओलांडून, खेडवरून, दापोली तालुक्यातील पालगड गाठले. पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच आपले साने गुरुजी, येथे २४ डिसेंबर १८९९ रोजी जन्मले. त्यांचे घर आता स्मारक म्हणून जतन केलेले आहे. मातोश्री १९१७ साली निवर्तल्या. पुत्राने १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात बसून अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून काढली. ज्या अंगणाची आठवण त्या कोठडीत सोबतीस होती, त्याच गावी आपण उभे आहो, या विचाराने आम्ही क्षणभर डोळे मिटले.

इतक्यात नातवाने विचारले, “आजोबा, मोळीची गोष्ट इथलीच ना?”

वाचकांस ती गोष्ट ठाऊक असेलच. एका वृद्ध महार स्त्रीची लाकडांची मोळी खाली पडते. कोणी हात लावीना. तेव्हा आई श्यामला सांगते की, जा, तिला मोळी उचलून दे, आणि मग घरी येऊन स्नान कर. ही कथा आम्ही शाळेत तीस वर्षे शिकविली. भूतदयेचा पाठ म्हणून फळ्यावर लिहिली, परीक्षेत विचारली.

“मग आंघोळ कशाला?” नातू म्हणाला.

तीस वर्षांत हा प्रश्न एकाही विद्यार्थ्याने विचारला नाही. आम्हीही स्वतःस विचारला नाही. थोडे थांबून आम्ही म्हणालो, “बाळ, आईस तिच्या काळी जेवढे पाऊल टाकता आले, तेवढे तिने टाकले. पुढचे लेकाने टाकले.” आणि १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून गुरुजींनी कसे प्राणांतिक उपोषण केले, व अखेर ती दारे कशी उघडली, ते सांगितले. स्नानाची अट लेकाने अशी पुसून टाकली.

“आणि त्याच्या पुढचे पाऊल?” या प्रश्नास मात्र आम्ही उत्तर दिले नाही.

कारण आमच्या स्वयंपाकघराच्या कोनाड्यात एक कपबशी निराळी ठेवलेली असते. भांडी घासावयास येणाऱ्या बाईंची ती. वडिलांच्या काळी परसात पितळी पेला असे, आता कान तुटलेला कप आहे; एवढीच काय ती सुधारणा.

परतल्यावर आम्ही ही गोष्ट घरात बोलून दाखविली. सूनबाईंनी काही न बोलता दुसऱ्या दिवशी चहा आमच्याच कपांतून ओतला. बाईंनी कप हाती घेतला नाही. त्या कोनाड्याकडे पाहून म्हणाल्या, “माझा कुठंय? फुटला का?”

“होय, फुटला,” आम्ही म्हणालो. त्या वेळी तो फुटलेला नव्हता. सायंकाळी आम्ही तो स्वहस्ते फोडला; कारण साठी उलटल्यावर खोटे बोलणे बरे नव्हे.