नोटीस मयताच्या नावाने

वाटप न झालेलं पत्र परत पाठवताना पोस्टमन त्यावर शेरा लिहितो. घर बंद, पत्ता सोडून गेले, घेण्यास नकार, मयत. आधी सांगलीच्या गावभागात आणि पुढे साताऱ्याच्या पेठांत मी टपाल वाटलं. पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक घरांच्या नोटिसा आल्या की यातला शेवटचा शेरा मला वारंवार लिहावा लागे. नोटिशीत चूक काहीच नसे. कलम बरोबर, घर क्रमांक बरोबर. ज्याच्या नावाने ती निघाली तो माणूस मात्र जाऊन जमाना झालेला असे.

यात कारकुनाला दोष देता येत नाही. दप्तरात जे नाव आहे त्याच नावाने तो नोटीस काढणार. घरपट्टी आजोबांच्या नावावर, प्रॉपर्टी कार्डावर त्यांच्याही वडिलांचं नाव. वारसांपैकी एक पुण्यात, एक ठाण्यात, लेकी आपापल्या सासरी. वाटणीचा वाद कोर्टात असेल तर वारसनोंदीला कोणी हातच लावत नाही. पट्टी ज्याला आठवेल तो भरतो. कुलूप गंजतं आणि छपराकडे बघायला कोणी उरत नाही.

आपल्या भागातली ही घरं मुळात कच्ची नव्हेत. दगडी जोतं, पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, सागवानी खांब आणि तुळया, वर कौलं. डोक्यावर छप्पर धड असेल तर अशी भिंत पिढ्यान्‌पिढ्या उभी राहते. पण एक कौल सरकलं किंवा पन्हळ तुटली की पाणी भिंतीच्या माथ्यावरून आत उतरतं. माती भिजते, भिंतीला पोट येतं, तुळईचं टोक कुजतं. सांगलीत वरच्या पाण्याच्या जोडीला खालचंही पाणी आलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. जोत्यापासून भिजलेली मातीची भिंत बाहेरून वाळलेली दिसली म्हणून तिची ताकद परत आली असं समजू नये.

हे सगळं सर्वांत आधी दिसतं ते शेजाऱ्याला. पिंपळाचं रोप भिंतीत कधी रुजलं, माती कधीपासून बोळात पडायला लागली, हे तो रोज पाहतो. तरी अर्ज करत नाही. एका आजींना मी विचारलं तर म्हणाल्या, “पोस्टमनदादा, लग्नकार्याला येणंजाणं आहे त्यांचं आमचं. वाईटपणा कशाला घ्यायचा?” हा संकोच मला समजतो, पण पटत नाही. त्या भिंतीखालून सकाळी शाळेची पोरं जातात. पडलेल्या भिंतीसमोर उभं राहून ‘आम्हाला माहीत होतं’ म्हणणं हा त्याहून मोठा वाईटपणा आहे.

दुसरी भीती भाडेकरूंची. तक्रार केली की घर पाडणार आणि आपण रस्त्यावर येणार, असं त्यांना वाटतं. म्हणून गळतं छप्पर ते झाकून ठेवतात. धोकादायक म्हणजे लगेच जमीनदोस्त, असं मात्र नाही. महापालिका अशा इमारतींची वर्गवारी करतात. ‘सी-१’ म्हणजे रिकामी करून पाडायची, ‘सी-२ए’ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करायची, ‘सी-२बी’ म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती आणि ‘सी-३’ म्हणजे किरकोळ डागडुजी. तक्रार जितकी लवकर होईल तितकं घर खालच्या वर्गात राहण्याची शक्यता जास्त. शिवाय १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १४ नुसार घर नीट राखणं हे मालकाचं काम आहे. लेखी नोटीस देऊन पंधरा दिवसांत त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूला ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत.

अधिकारही कमी नाहीत. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातलं कलम १९५ आणि महापालिकांसाठी १९४९ च्या अधिनियमातलं कलम २६४ पडायला आलेल्या बांधकामाबद्दलच आहे. महापालिका हद्दीत तीस वर्षांवरच्या इमारतीची तपासणी मालकाने करून घ्यावी, असं २६५-अ सांगतं. मालक किंवा भोगवटादार सापडला, तरच या कलमांना धार येते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की तक्रारीच्या अर्जात वारसांची माहिती विचारणारा रकाना हवा. या घराचे वारस कोण, कुठे राहतात, किल्ली कोणाकडे असते, सणाला कोण येतं. घराच्या फोटोपेक्षा ही माहिती मोलाची आहे आणि ती गल्लीत हमखास मिळते. कचेरीने ती तपासून प्रत्येक वारसाला वेगळी नोटीस पाठवावी. २०२५ मध्ये रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, त्यामुळे पाकीट कुठे पोचलं ते कचेरीला टेबलावर बसून कळतं. दारावर कागद चिकटवून पंचनामा करणं हा शेवटचा उपाय असावा.

तक्रारदाराचं नाव मालकाला कळवू नये, ही अट मात्र पाळली पाहिजे. निनावी अर्ज दप्तरी दाखल होतो, म्हणून लोकांना नाव द्यावंच लागतं. ते नाव त्याच दिवशी चौकात फुटलं, तर पुढचा माणूस अर्ज करणार नाही. शेजाऱ्यांनीही तोंडी सांगून थांबू नये. अर्ज लेखी द्यावा, आवक क्रमांक आणि शिक्का घेतलेली पोच जपावी. साताऱ्यात २०२१ अखेर नगरसेवकांची मुदत संपल्यावर बराच काळ प्रशासकच कारभार पाहत होते. सांगायला हक्काचा माणूस नसताना कागदच उपयोगी पडत होता आणि माणूस असतानाही तो हवाच.

आणि पुण्या-मुंबईतल्या वारसांनो, वाद कोर्टात असला तरी छप्पर शाकारायला कोर्टाने बंदी घातली आहे का, हे तुमच्या वकिलाला विचारा. नसेल तर मे संपायच्या आत एक दिवस या, कौलं चाळून घ्या, पन्हळ बसवा. घरपट्टीच्या खात्यावर चालू पत्ता आणि फोन नंबर नोंदवा. ते जमेपर्यंत निदान समोरच्या घरी तुमचा नंबर देऊन ठेवा.