तीन दरवाजा आणि पर्समधला कागद

दिवाळीच्या सुट्टीत अहमदाबादला वन्संकडे आठ दिवस राहून आले. मी शाळेत अर्धवेळ इतिहास शिकवते, तेव्हा तिथली जुनी तटबंदी पाहायची, मुलींसाठी चार फोटो काढायचे, हे एक काम होते. दुसरे काम पर्समध्ये घडी करून ठेवले होते. ते शेवटी सांगते.

‘शहराभोवती तट होता’ हे पुस्तकातले वाक्य आपण पाठ करून विसरून जातो. अहमदाबादेत ते रिक्षात बसल्या बसल्या भेटते. दिल्ली दरवाजा, दरियापूर, काळुपूर, सारंगपूर, रायपूर, अस्टोडिया! तट विसाव्या शतकात बहुतेक पाडून टाकला, रस्ते रुंद झाले. पण दरवाजे उभे आहेत आणि पत्ते अजून त्यांच्याच नावाने सांगतात.

सुलतान अहमदशहाने 1411 साली साबरमतीच्या पूर्वकाठी हे शहर वसवले. आधी झाला भद्रचा किल्ला. वस्ती वाढत वाढत बाहेर पसरली, तेव्हा त्याचा नातू महमूद बेगडा याने 1487 च्या सुमारास सगळ्या शहराला बाहेरून तट घातला. घेर सुमारे 10 किलोमीटर, दरवाजे 12, बुरूज 189 आणि वर सहा हजारांवर कंगोरे, असा हिशेब सांगतात. म्हणजे दर पन्नास-पंचावन्न मीटरला एक बुरूज!

एवढे बुरूज कशाला, असे मलाही वाटले. पण विचार करा, आपण गच्चीच्या कठड्यामागे उभ्या असलो, तर खाली भिंतीला चिकटून कोण उभे आहे ते दिसते का? नाही. बुरूज भिंतीच्या बाहेर पोटासारखा आलेला असतो. त्यावरून दोन्ही बाजूंच्या भिंतीचा पायथा दिसतो. एका बुरुजाने दुसऱ्याची पाठ राखायची, शेजारणीने शेजारणीचे घर राखावे तशी! जुन्या दरवाजांच्या फळ्यांना लोखंडी खिळे ठोकत, तेही शोभेसाठी नव्हे. हत्तीने डोके लावून दार फोडू नये म्हणून.

या तटाची एक गोष्ट तुम्हाला आवडेल. माणेकनाथ नावाचे एक साधू दिवसभर चटई विणत आणि रात्री उसवत. तिकडे दिवसभर बांधलेली भिंतही रात्री ढासळे, असे म्हणतात. एक टाका चुकला म्हणून अख्खी बाही उसवणाऱ्या आपणांला यात नवल ते काय! शेवटी सुलतानाने त्यांचा मान राखला. माणेक बुरूज आणि माणेक चौक आजही त्यांचे नाव सांगतात.

अठराव्या शतकात शहर मराठ्यांकडे आले. पेशवे आणि गायकवाड यांनी तिथला कारभार वाटून घेतला होता. 1817 नंतर इंग्रज आले. त्यांच्या काळात, 1830 नंतर, मोडकळीस आलेल्या तटाची डागडुजी झाली. पैसा कुठून आणला म्हणाल, तर तुपासारख्या जिनसांवर कर बसवून. म्हणजे तटाच्या भेगा घराघरांतल्या तुपाने बुजवल्या म्हणायच्या! त्या कामासाठी नेमलेल्या कमिटीतूनच पुढे तिथली नगरपालिका उभी राहिली.

शेवटच्या दिवशी वन्संनी मला भद्रसमोरच्या तीन दरवाजाला नेले. हा बाहेरच्या तटाच्याही आधीचा, अहमदशहाच्या वेळचा. तीन कमानी, मधली 17 फूट रुंद, बाजूच्या 13-13 फूट. खाली बाजाराची ही गर्दी. तिथे एका कोनाड्यात दिवा तेवतो. लक्ष्मी एका रात्री शहर सोडून निघाली, तेव्हा पहारेकरी ख्वाजा सिद्दिक कोतवालाने तिला म्हटले, मी राजाची परवानगी आणतो, तोवर थांब. आणि आपण परत गेलो की ती जाणार, म्हणून त्याने आपले शिर दिले. लक्ष्मी थांबली ती थांबलीच, अशी श्रद्धा आहे. पिढ्यान्‌पिढ्या एक मुसलमान कुटुंब हा दिवा लावत आले आहे.

त्याच दरवाजावर एक शिलालेख आहे. 1812 सालचा, देवनागरी अक्षरांतला, मराठा सुभेदार चिमणाजी रघुनाथ यांचा. हुकूम असा, की बापाच्या मिळकतीत मुलीला तिचा वाटा विनाहरकत द्यावा. जो मोडील, त्याने हिंदू असल्यास महादेवाला आणि मुसलमान असल्यास अल्लाला जाब द्यावा.

मी तिथे उभी राहिले आणि पर्स एकदम जड झाली. मैत्रिणींनो, पर्समध्ये वन्संच्या सहीसाठी आणलेले हक्कसोडपत्र होते. सासरच्या घराचे आणि जमिनीचे. नऊ वर्षांपूर्वी वडिलांच्या वर्षश्राद्धाला आलेल्या माझ्यापुढे असाच कागद आला होता. दादाने बोट ठेवले तिथे मी सही केली. वाचला नाही. वाचला तर माहेर तुटेल, ही भीती. आणि आता तोच कागद घेऊन मी दुसऱ्या घरच्या लेकीच्या दारात!

रात्री वन्संच म्हणाल्या, “वहिनी, दादानं कागद दिलाय ना? आण, करते सही.”

मी म्हटले, “वन्सं, आज नको. आधी वाचा, कोणा माहितगाराला दाखवा. मग द्यायचं तर द्या, ठेवायचं तर ठेवा. माझा राग नाही.”

हे आज दगडावरचे बोल राहिलेले नाहीत. 1956 च्या कायद्याने हिंदू मुलीला बापाच्या मिळकतीत वारसा मिळाला, वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हक्क आपल्या राज्यात 1994 साली आणि देशभर 2005 साली मिळाला. भावाला प्रेमाने देण्यात कमीपणा मुळीच नाही. पण न वाचता दिले, तर ते देणे कसले?

घरी आल्यावर “सही झाली का?” असा प्रश्न आलाच. “वाचायला देऊन आले,” म्हटले. दोन दिवस घरात अबोला होता. वन्संचा निरोप अजून आलेला नाही. काय ठरवायचे ते त्या ठरवतील.

तुमच्यापुढे असा कागद येईल किंवा तुमच्या हातून पुढे जाईल, तेव्हा चष्मा लावा, दिवा मोठा करा आणि पहिल्या ओळीपासून वाचा. भेटू पुढच्या अंकात.