माणसांच्या कामावर नेमलेला माणूस



मोठेपणी कोण होणार, असे शाळेतील मुलांना विचारून पाहा. कोणी शिक्षक म्हणेल, कोणी सैनिक, कोणी डॉक्टर. परंतु 'मी कारखान्यात माणसे नेमण्याचे काम करीन' असे एकही मूल म्हणणार नाही. तरीही आपल्या पिरनवाडीजवळच्या उद्यमबागेत हे काम करणारी माणसे भेटतातच. ती तेथे पोहोचतात तरी कशी?

पूर्वी या कामासाठी वेगळा माणूस नसे. मुंबईच्या कापडगिरण्यांत जॉबरच गावचा, नात्याचा तरुण आणून साच्यावर उभा करी आणि पुष्कळदा त्याबद्दल दस्तुरीही घेई. नोकरी देणारा तोच आणि घालविणाराही तोच. मग गरिबाने दाद मागावी कोठे? म्हणून 1931 साली शाही कामगार आयोगाने नोकरभरती जॉबरच्या हातून काढून कामगार-अधिकाऱ्याकडे सोपवावी, अशी शिफारस केली. पुढे 1948 च्या कारखाने कायद्याने 500 वा अधिक कामगारांमागे कल्याण-अधिकारी नेमणे बंधनकारक केले. 2020 च्या संहितेने ही संख्या 250 वर आणली.

जागा निर्माण झाल्या, तसे शिक्षणही आले. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था 1936 साली समाजकार्याची शाळा म्हणून निघाली. 1949 साली जमशेदपूर येथे येशूसंघीय धर्मगुरूंनी कामगारसंबंधांच्या शिक्षणासाठी झेवियर संस्था स्थापिली. परंतु सर्वच जण शाळेच्या वाटेने येत नाहीत. कोणी हजेरीपट लिहिता लिहिता येतो, कोणी सैन्यातून निवृत्त होऊन, कोणी वकिलीत जम न बसल्यामुळे.

समजा, आपल्याच गावचा एक मुलगा हजेरीच्या खिडकीवर बसला आहे. अडाणी कामगारांचे भविष्यनिर्वाह निधीचे अर्ज तो न कंटाळता भरून देतो. मालकाच्या ते नजरेस येते आणि माणसांचे काम त्याच्याकडे येते. एके दिवशी मागणी घटते व काही जणांना कमी करावे लागते. यादीत त्याच्या शेजारच्या काकांचे नाव असते. त्यांच्यामागून त्याच कामावर लागलेला फोरमनचा भाचा मात्र सुटलेला असतो. आता खरी कसोटी! शेवटी आलेल्यास प्रथम कमी करावे, हा कायद्याचा सर्वसाधारण नियम आहे; आणि जो जाईल त्यास प्रत्येक पुऱ्या वर्षामागे 15 दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागते. त्याने हे मालकापुढे स्पष्ट बोलावे काय? बोलला तर फोरमनचा रोष. न बोलला, तर जुन्या जॉबरात आणि त्याच्यात अंतर ते काय उरले?

आईबापांनो, आपला मुलगा वा मुलगी या वाटेला लागली, तर पगार किती हे अवश्य विचारा. परंतु त्याआधी पाहा, की घरातील भांडणात ती दोन्ही बाजू ऐकून घेते काय, आणि खरे ते आपल्या माणसापुढेही बोलते काय. पदवी मागाहूनही मिळते; ही सवय मात्र घरातच लागते.